लिंडक्विस्टांच्या घरची कणसं

आमच्या गावात घराला आपलं नाव लागावं असं वाटत असेल, तर ते घर आपल्या आजोबांनी बांधलेलं असावं लागतं, नाहीतर आपण त्यात मरावं तरी लागतं. मी यातलं काहीच केलेलं नाही. मी ते नुसतं विकत घेतलं.

त्याला आता वीस वर्षं होत आली. छप्पर मी नवं घातलं, व्हरांडा दोनदा रंगवला, मागचं मेपलचं झाड वादळात गॅरेजवर पडलं तेव्हा त्याच्याखाली माझी गाडी होती, लिंडक्विस्टांची नव्हती. तरी टपालवाल्यापासून नळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या लेखी हे 'लिंडक्विस्टांचं घर'. खुद्द लिंडक्विस्ट नवरा-बायको केव्हाच गावाबाहेरच्या टेकडीवर शेजारी शेजारी निजले आहेत. त्यांना या घराचं काही देणंघेणं उरलेलं नाही, पण गाव काही त्यांना सोडत नाही. एकदा मी पिझ्झा मागवला, नाव सांगितलं टेस्के, पत्ता नीट दिला. पोऱ्या अर्धा तास गावभर फिरून गारढोण पिझ्झा घेऊन आला आणि वर मलाच म्हणाला, "लिंडक्विस्टांचं घर असं सांगायचं ना सरळ!"

"घरपट्टीच्या बिलावर आपलंच नाव येतं ना?" माझी बायको जोलीन म्हणते. "मग झालं तर." जोलीनला हे बोलणं सोपं आहे, ती इथली आहे. मी पलीकडच्या काउंटीतला, म्हणजे पंचवीस मैलांवरचा परदेशी. गावात माझं चष्म्याचं दुकान आहे. अर्ध्या गावाला मी चष्मा लावलेला आहे, पण त्या चष्म्यातूनही त्यांना लिंडक्विस्टच दिसतात.

म्हणून आमच्या गल्लीतल्या हार्लन क्वामे यांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वाईट वाटलं हे खरं, पण पूर्ण वाईट वाटलं नाही.

दर ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीचं जेवण असतं. रस्ता बंद करायचा, मधोमध टेबलं मांडायची, ज्याने त्याने घरून भांडं आणायचं. पण जेवणाचा राजा म्हणजे भाजलेली मक्याची कणसं, आणि ती हार्लनची. शेगडीही हार्लनची. जुनी तेलाची टाकी आडवी कापून, बिजागऱ्या लावून, चाकं बसवून त्यांनी स्वतः केलेली. वरचा अर्धा भाग म्हणजे झाकण. हार्लन पंचाऐंशीच्या घरातले, बोलतात फार कमी. आता त्यांच्या मुलीने बजावलं होतं, की यंदा शेगडीच्या जवळ दिसलात तर वॉकर काढून घेईन. माझा हिशोब अगदी सरळ होता. हार्लनची कणसं आधी टेस्केची कणसं होतील, मग हळूहळू घराचंही जमेल. नाव एकदा लोकांच्या तोंडात बसलं की दारावर बसायला वेळ लागत नाही.

जेवणाची बैठक शेजारच्या आर्डिस सॅदर यांच्या अंगणात, कॉफीवर झाली. आर्डिसबाई आमच्या गल्लीच्या सर्वात जुन्या रहिवासी, आणि गल्लीचं सरकारही त्याच.

"मग यंदा कणसं कोण करणार?" त्यांनी विचारलं. "कर्टिस, तू करशील का?"

"करीन की!" मी म्हणालो.

सगळ्यांचे कप ओठांपाशीच थांबले. कुणाच्या तरी कपातला चमचा वाजला आणि तोही लगेच थांबला.

आता चूक काय झाली ते सांगतो. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं, तर पहिल्यांदा 'छे छे, मला कुठलं जमतंय' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा 'माझ्यापेक्षा अमका बरा' म्हणायचं. तिसऱ्यांदा, अगदी गळ्यातच घातलं म्हणून, 'बरं, तुम्ही म्हणताच आहात तर' असं म्हणून डोळे खाली घालायचे. कॉफीचा दुसरा कपसुद्धा आम्ही असाच घेतो. आणि मी तर गल्लीची कणसं एका हाकेत उचलली होती. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

"असं," आर्डिसबाई शेवटी म्हणाल्या. "हे जरा वेगळंच आहे." आमच्या भागात 'वेगळं' हा शब्द शिवी म्हणून वापरतात.

घरी येताना जोलीन म्हणाली, "तीनदा नाही म्हणायला तुझं काय जात होतं?"

"आणि दुसऱ्यांदाच कुणी मान्य केलं असतं तर?"

हे तिला पटलं असावं, कारण तिच्या मावशीचं लग्न अशाच प्रकारे मोडलेलं आहे.

शेगडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा मी हार्लनना विचारलं, "तुम्ही करता कशी कणसं? काही खास युक्ती?"

हार्लननी बराच वेळ विचार केला. "तापवतो," ते म्हणाले.

"आणि मग?"

"मग काढतो."

एवढं मार्गदर्शन घेऊन मी शेगडी ढकलत घरी आलो.

रस्ता बंद करायला नगर कचेरीची परवानगी लागते. तिथल्या कारकूनबाईंनी पत्ता विचारला. मी सांगितला.

"म्हणजे लिंडक्विस्टांचं घर," त्या लिहू लागल्या.

"टेस्केचं."

"हो, तेच ते. लिंडक्विस्टांचं." त्यांनी लिहून टाकलं. "शेगडी केवढी?"

"हार्लनचीच आहे."

"मग काही अडचण नाही. हार्लनच पेटवणार ना?"

"नाही, मी पेटवणार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. यंदा पाऊस नव्हता, गवत वाळून पापड झालं होतं आणि उघड्यावर जाळ करायला बंदी होती. तीन फुटांहून मोठी असली तर ती शेगडी नव्हे, उघड्यावरचा जाळ, असा नियम निघाला.

"अहो, पण हार्लनची शेगडी गेली चाळीस वर्षं सात फुटीच आहे!"

"हार्लन पेटवतात तेव्हा ती शेगडी असते," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही पेटवलीत की जाळ. बंबाच्या प्रमुखाची सही आणा."

आमच्या गावचे बंबवाले पगारी नाहीत. कुणी शाळेत गणित शिकवतो, कुणी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. प्रत्येकाच्या कमरेला पेजर. तो वाजला की हातातलं काम टाकायचं, बंबखान्यात जायचं, कपडे चढवायचे आणि बंब घेऊन मगच आगीकडे निघायचं. त्यांचा प्रमुख ड्वेन पफायफर. धान्याच्या कोठारावर काम करतो, माझ्या समोरच्या घरात राहतो. नियमाचा एवढा पक्का, की स्वतःच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवण्याआधीही बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवतो.

"सही देतो," ड्वेन म्हणाला. "पण कणसं फॉइलमध्ये करायची. सोलायचं, लोणी चोपडायचं, घट्ट गुंडाळायचं. ठिणगीचं नाव नको. तसंच करणार ना?"

"अगदी तसंच," मी म्हणालो. सही मिळाली.

दुसऱ्या दिवशी आर्डिसबाईंनी कुंपणावरून हाक मारली. "कर्टिस, कणीस कधी सोलू नये बरं का. सालासकट दूध-साखरेच्या पाण्यात सकाळपासून बुडवून ठेवायचं. माझी आई तसंच करायची."

आर्डिसबाईंच्या आईला नाही म्हणायची छाती ती जिवंत असताना गावात कुणाची नव्हती, आता तर प्रश्नच नाही. "अर्थात, बुडवूनच," मी म्हणालो.

मग चर्चच्या टेबल-खुर्च्या मागायला गेलो, तर पास्टरबाई म्हणाल्या, "कर्टिस, उगाच सोंगं करू नका. साल काढायचं आणि देवाने दिलंय तसं थेट निखाऱ्यावर. चांगले काळे डाग पडू द्यायचे. कराल ना?"

आता तुम्हीच सांगा, चर्चमध्ये उभं राहून कुणी नाही म्हणेल का? "थेट निखाऱ्यावर," मी म्हणालो. भीड ही भिकेची बहीण आहे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण आमच्या भागात त्या दोघी जुळ्या बहिणी आहेत.

"म्हणजे तू तिघांनाही हो म्हणालास?" जोलीनने डोक्याला हात लावला.

"शेगडी सात फुटी आहे. तीन भाग करीन. ज्याला त्याला त्याचा तुकडा दाखवीन."

"आणि तिघं एकदम आले तर?"

बायकांना नको त्या शंका काढायची सवयच असते, असं मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणालो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी शेतावरच्या टपरीवरून कणसं आणली. टपरीवर कणसाचं साल सोलून आत बघायचं नसतं, तो शेतकऱ्याचा अपमान. विश्वासाने घ्यायचं आणि कीड निघाली तर आपल्या कर्माला बोल लावायचा. आमची बादली एवढ्या कणसांना पुरेना, म्हणून आर्डिसबाईंच्या आईची कणसं मी आमच्या न्हाणीघरातल्या टबात घातली. दूध ओतलं, साखर ओतली. उरलेली कणसं तिथेच टबाच्या काठावर बसून सोलली. कणसाचे केस किती असतात याची मला कल्पना नव्हती. ते थोडे टबात गेले, थोडे माझ्या नाकात आणि बाकीचे पाइपात.

दुपारी टबातलं पाणी जाईना. खालच्या स्वयंपाकघरात मात्र यायला लागलं. जोलीन गल्लीच्या जेवणासाठी ॲपल-पाय भाजत होती, त्यावर छतातून गोड दूध ठिबकत होतं. नळवाला आला, पाइपातून केसांचा एक गुंता ओढून काढला आणि तो हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"लिंडक्विस्टबाईंनी या टबात कधी कणसं घातली नाहीत," तो म्हणाला.

"अहो, हा टब मी बसवलाय! लिंडक्विस्टबाईंचा टब वेगळा होता!"

"त्यातही नाही घातली," नळवाला म्हणाला आणि गेला.

मला फार लागलं ते. आपल्याच घरात, आपल्याच टबात, गुडघ्यापर्यंत गोड दुधात उभं राहून दुसऱ्याच्या बायकोची थोरवी ऐकायची! त्याच क्षणी मी ठरवलं, की आज कणसं अशी करायची की या गावाने लिंडक्विस्ट हे नाव विसरलं पाहिजे.

संध्याकाळी रस्ता बंद झाला. दोन्ही टोकांना नगर कचेरीचे नारिंगी अडथळे उभे राहिले. टेबलांवर बटाट्याच्या गोळ्या घालून भट्टीत भाजलेली हॉटडिश, हिरवी जेली, चार प्रकारच्या चौकोनी वड्या असा थाट लागला. हार्लन घडीच्या खुर्चीत, शेगडीपासून मुलीने ठरवलेल्या अंतरावर बसले. मी एप्रन बांधला आणि निखारे फुलवले. डावीकडे आर्डिसबाईंची भिजलेली, मधे पास्टरबाईंची उघडी, उजवीकडे ड्वेनची चांदीच्या कपड्यातली. दृश्य मोठं सुरेख होतं. मी अभिमानाने चिमटा दोनदा वाजवला.

पहिल्या आल्या आर्डिसबाई. मी पोटाने मधला भाग झाकला.

"ती पलीकडची फॉइलमध्ये का आहेत?"

"ती होय? ज्यांचे दात हलतात त्यांच्यासाठी," मी म्हणालो. त्या समाधानाने निघाल्या. तेवढ्यात ड्वेन आला आणि त्याने डाव्या बाजूच्या सालांकडे बोट केलं. ही कणसं नसून निखाऱ्यांना ओलावा देण्यासाठी ठेवलेली सालं आहेत, असं मी त्याला सांगितलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस गरजेपेक्षा मोठं बोलतो. ड्वेनने मान डोलावली आणि आपल्या फॉइलमधलं पहिलं कणीस उचलून तो टेबलाकडे वळला.

आणि मग लांबून मला दिसलं, की आर्डिसबाई आणि पास्टरबाई हातात हात घालून शेगडीकडे येतायत, आणि ड्वेन कणीस हातात घेऊन त्यांना सामील होतोय. मी झाकण धाडकन लावलं.

"दिसू दे की," पास्टरबाई म्हणाल्या.

"आता नाही. आता वाफ... वाफ धरलीय."

"किती वेळ?"

"अजून थोडा."

तिघं थांबले. आमच्याकडची माणसं थांबली की थांबतात. हवेबद्दल बोलणं झालं, पावसाबद्दल झालं, हार्लनच्या कंबरेबद्दल झालं. मी झाकणाला पाठ लावून उभा, पाठ भाजतेय, चेहऱ्यावर हसू. आत काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. फॉइल फाटून लोणी निखाऱ्यांवर गळत होतं, साखरेचं दूध करपत होतं, वाळलेली सालं पेटायची वाट बघत होती. झाकणाच्या फटीतून आधी पांढरा धूर आला, मग पिवळा, मग असा काळा की चर्चचा मनोरा दिसेना.

"कर्टिस," ड्वेन म्हणाला, "उघड ते."

मी उघडलं. हवा लागली आणि माझ्या डोक्याहून उंच ज्वाळा उठली. भुवया गेल्या. माझ्या कणसांत कुणाचं कुठलं हा प्रश्न सुटला, कारण सगळी सारखीच काळी झाली होती. एक ना धड, भाराभर कोळसे.

नेमके त्याच वेळी पेजर वाजले. एक नाही, सात. टेबलांभोवती बसलेल्या सातही बंबवाल्यांच्या कमरेला एकदम किणकिण सुरू झाली. टेकडीवरच्या वृद्धाश्रमातून कुणी तरी धूर बघून फोन केला होता. पेजरमधून कंट्रोल रूममधल्या शेरिलचा आवाज आला, "धूर आणि ज्वाळा, लिंडक्विस्टांचं घर."

ड्वेनने आपल्या हातातल्या कणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चला रे," तो बाकीच्यांना म्हणाला.

"कुठे चाललास?" मी ओरडलो. "आग इथे आहे!"

"बंब तिकडे आहे."

"अरे, पण तुम्ही आत्ता इथेच उभे होतात!"

"तेव्हा पेजर वाजला नव्हता," ड्वेन म्हणाला. सातही जणांनी आपापल्या थाळ्यांवर कागदी रुमाल झाकले, बायकांना 'कुणी उचलू नका' म्हणून बजावलं आणि रांगेत बंबखान्याकडे निघून गेले.

मी आणि आग असे दोघंच उरलो. मी आर्डिसबाईंचं लिंबू सरबत तिच्यावर ओतलं, ते तिला आवडलं नाही. पण जाळायला फार काही नव्हतं, त्यामुळे थोड्याच वेळात ती आपणहून कंटाळून बसली. मी तिच्याशेजारी रस्त्यावर बसलो. कणसं गेली, भुवया गेल्या, आता मी मेलो तरी टेकडीवरच्या दगडावर 'लिंडक्विस्टांच्या घरात राहणारा' असंच कोरतील, असं मला अगदी रडकुंडीला येऊन वाटलं.

हार्लन वॉकर सरकवत, मुलीकडे न बघता शेगडीपाशी आले. माझ्या चिमट्याने त्यांनी एक काळं कणीस ओढलं आणि साल फोडलं. आत अर्धे दाणे पिवळेधमक होते. त्यांनी एक घास घेतला, चावला, गिळला.

"वाईट नाही," ते म्हणाले.

आमच्याकडे कौतुकाची याच्यावरची पदवी नाही. जोलीनने माझा खांदा दाबला. टेबलांवरची माणसं एकेक करून उठली आणि कोळशातली कणसं उकरू लागली.

इतक्यात घंटा वाजवत बंब आला आणि गल्लीच्या तोंडाशी अडथळ्यापाशी थांबला. शिरस्त्राण घातलेल्या ड्वेनने खाली उतरून अडथळ्यावरची परवानगी वाचली. तिच्यावर त्याचीच सही होती. मग त्याने बंबावरचा वायरलेस उचलला. बंबावरचा बोलायचा भोंगा, म्हणजे लाउडस्पीकर, चालूच राहिला होता, त्यामुळे पुढचं सगळं गल्लीला ऐकू आलं.

"शेरिल, पोचलो. रस्ता बंद आहे."

"कुणी बंद केला?"

"मीच. आग विझलीय. कणसं होती."

"बरं. लिंडक्विस्टांचं घर, आग विझली," शेरिल म्हणाली.

भोंगा थोडा वेळ नुसताच खरखरला.

"थांब, शेरिल," ड्वेन म्हणाला. "लिंडक्विस्टांचं नको म्हणू. बिचारे इतकी वर्षं राहिले, कधी काडी इकडची तिकडे केली नाही त्यांनी. मेलेल्या माणसांवर आळ कशाला? हे टेस्केचं घर आहे."

"कुणाचं?"

"टेस्केचं! चष्मेवाला! अख्खा जाळ त्याने एकट्याने केलाय, दुसऱ्या कुणाचं काम नाही हे. टेस्केचं घर."

"टेस्केचं घर," शेरिल म्हणाली. "ठीक आहे."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला गेलो तर काजळी डोळ्यांत गेली आणि मग ते थांबेचना. मला इतका आनंद झाला होता की ड्वेनला मिठी मारावी असं वाटलं, पण आमच्याकडे मिठ्या मारत नाहीत, म्हणून मी लांबूनच मान हलवली. त्यानेही हलवली.

माझ्या मागे आर्डिसबाई फोनवर बोलत होत्या. त्यांची बहीण शेजारच्या गावाहून जेवायला निघाली होती, आणि बंद रस्त्यामुळे चुकून पलीकडे गेली होती.

"अगं, मागे फिर," त्या ओरडून सांगत होत्या, "चर्चपासून डावीकडे वळ. लिंडक्विस्ट? ते कुठले आता! टेस्केच्या घरासमोर ये, टेस्केच्या. धूर दिसेलच."

मी शेगडीतून एक कणीस काढलं. बाहेरून जळालेलं होतं, टोकाशी कच्चं होतं, आणि दूध-साखरेमुळे मधेच कुठे तरी गोडसर लागत होतं. मी दोन खाल्ली.